जाणाऱ्यांनी उभं राहावं

मी गाव सोडलं त्या सकाळी अब्बा घरात नव्हते. फजरच्या नमाजाला म्हणून गेले, ते मशिदीतून परस्पर बंदरावर जाऊन बसले, हे मला फार नंतर कळलं. इकडे अंगणात म्हसळ्याहून आलेली जीप उभी, माझी बॅग टपावर बांधलेली आणि पडवीत आळीतल्या सगळ्या बायका. कुणाच्या हातात सोड्यांची पुडी, कुणाच्या हातात आमसुलं. "आमच्या झाकीरला एवढं पोचव गो, तो तिथं जवळच असतो," म्हणत प्रत्येकजण माझ्या पिशवीत काहीतरी कोंबत होती. झाकीर जिद्दाला होता. मी चालले होते हफ्र अल बातिनला, म्हणजे सौदीच्या पार दुसऱ्या टोकाला, पण हे त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हतं. अम्मीने माझी ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "पाणी उकळून पी." ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. अब्बांना निरोप घ्यायची आयुष्यभराची सवय होती, द्यायची नव्हती. त्यांना न भेटताच मी निघाले.

तुम्ही जे अजून गावात आहात आणि जे तिकडे आहात, तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरात असा एक बाप होऊन गेलाय. माझे अब्बा जुबैलला फिटर होते. दोन वर्षांतून एकदा रजेवर यायचे. बाकीच्या वेळी ते टेपच्या कॅसेटमध्ये असायचे. अम्मी कॅसेट लावायची, आम्ही भावंडं भोवती बसायचो, आणि अब्बा एकेकाचं नाव घेऊन विचारायचे, अभ्यास करतेस का, अम्मीचं ऐकतेस का. मी मोठ्याने "हो" म्हणायचे. आपलं उत्तर त्यांना ऐकू जात नाही हे कळायला लागलं, तेव्हापासून मी उत्तर द्यायचं सोडून दिलं.

म्हणून लग्न ठरताना मी एकच अट घातली. नवरा सौदीत असेल तर मी बरोबर जाणार, आणि मुलं झाली की तीही बापाजवळच राहणार. स्थळ आणणाऱ्या खालाने कपाळाला हात लावला. अम्मी म्हणाली, "लोक म्हणतील, हिला नवऱ्याशिवाय दोन दिवस राहवत नाही." म्हणू देत, म्हटलं. इरफाननी ती अट कबूल केली. मी त्यांना एरवी नावाने हाक मारत नाही, इथे लिहिताना मारून घेते. फॅमिली व्हिसासाठी त्यांना कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर तिकडे राहायचं त्या सौदी मालकाच्या, दारात चपला झिजवाव्या लागल्या, पण त्यांनी शब्द पाळला. आमची सना हफ्रच्याच इस्पितळात जन्मली, आणि तिचा बाप रोज जेवायला घरी यायचा.

हफ्रला समुद्र नाही, झाडं नावाला, आणि उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. लष्करी शहर जवळ असल्यामुळे बाजार मात्र भरलेला असायचा. त्या बाजारात इरफान मोबाईल दुरुस्त करायचे. दुकान कफीलच्या नावाचं, हात यांचे. आमची दहाबारा कोकणी कुटुंबं होती, आणि शुक्रवारी सकाळी जुबैलहून मासळीची गाडी आली की आम्ही सगळे तिथे एकमेकांना भेटायचो. सुरमईला तिकडे कनअद म्हणतात. नाव काही का असेना, रव्यात घोळवून तळली की वास तोच.

अशाच एका शुक्रवारी मी मासे तळत होते, तर दारावरची बेल वाजली. बाहेर एक उंच, काळीसावळी, साठीची अमेरिकन बाई उभी. केस रुपेरी, अंगावर पिठाने माखलेला ॲप्रन. म्हणाली, या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी मासे तळणारं आणखी कोण आहे ते बघायला आले. ती वरच्या मजल्यावर राहायची, मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, आणि तीही त्याच वेळी मासेच तळत होती, फक्त मक्याच्या पिठात. तिच्या गावात शुक्रवार हा मासे तळायचाच वार. तिचं नाव लोरेटा. तिचं इंग्रजी आमच्या शाळेतल्या बाईंच्या इंग्रजीसारखं नव्हतं. शब्द लांबवून, हेल काढून बोलायची. मला निम्मं कळायचं, माझं तिला किती कळायचं कोण जाणे. पण दर शुक्रवारी एक कढई तिची आणि एक माझी असं सुरू झालं, आणि हळूहळू कळायचं काही राहिलं नाही.

सनाला तिने पहिल्याच दिवशी शिकवलं, मला मिस लोरेटा म्हणायचं. नुसतं नाव नाही आणि नुसतं मॅडमही नाही. तिच्या गावात वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात. मला ते चटकन पटलं, आपल्याकडे तरी आळीतल्या म्हाताऱ्या रुकय्याला नुसतं रुकय्या कोण म्हणतं? मीही मग तिला मिस लोरेटाच म्हणायला लागले.

तिचं गाव अमेरिकेच्या दक्षिणेला, जॉर्जियात. तांबड्या मातीचं. लहानपणी खेळून आल्यावर पांढरे मोजे कसे कायमचे लाल व्हायचे ते ती सांगायला लागली, आणि मी माझ्या शाळेच्या गणवेशाचं सांगितलं. गावाच्या मधून रेल्वेचा रूळ गेलेला. रुळाच्या पलीकडे गोरे, अलीकडे हिची माणसं. पलीकडच्या दुकानात यांना सरबत मिळायचं, पण बसून प्यायची परवानगी नव्हती. शाळेतली पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेतून वापरून आलेली, पहिल्या पानावर कुणा दुसऱ्याच मुलीचं नाव. हे सांगताना तिचा आवाज चढत नसे. उलट अलीकडच्या बाजूचं बोलायला लागली की तिला थांबवावं लागायचं. प्रत्येक घराला पडवी, आणि पडवीतली म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्या पोराला हटकणार, कुणाचा रे तू? पोराने बापाचं नाव सांगायचं, मग आजोबाचं, मग म्हातारी त्याच्या आजोबांनी कुणाच्या कोंबड्या पळवल्या होत्या इथपर्यंत जाणार. चर्चमध्ये उकाड्यात हातपंखे हलवत चार चार तास गाणी. रविवारी कुणाच्याही घरी जेवायला बसावं, ताट वाढलेलंच. माझ्या डोळ्यांपुढे आमची आळीच उभी राहायची.

आणि तिच्या गावचेही पुरुष निघून जायचे. उत्तरेला, मोठ्या शहरांत, कारखान्यांत. तिचा बाप डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात होता. आईने तिकडे जायचं नाकारलं. थोडी जमीन होती, सगळेच गेले तर ती राहायची नाही, म्हणून ती राहिली आणि गोऱ्यांच्या घरचे कपडे इस्त्री करत राहिली. बाप वर्षातून एकदा, जुलैमध्ये यायचा. तेव्हा सगळेच यायचे. रात्रंदिवस गाडी चालवत, जोड्यांच्या खोक्यात तळलेली कोंबडी बांधून घेऊन, कारण वाटेतल्या हॉटेलांत यांना कुणी वाढत नसे.

मग घरामागच्या झाडांखाली सगळं कुटुंब जमायचं. अजूनही जमतं. सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर घराण्याचं आडनाव. कुटुंबातली सर्वांत म्हातारी बाई हजेरी घेते. तिने एका घराचं नाव पुकारलं की त्या घरातले सगळे उभे राहतात, म्हातारे, जावई, कडेवरची बाळं. बाकीचे टाळ्या वाजवतात. मग बक्षिसं. एक सर्वांत म्हाताऱ्याला, एक सर्वांत धाकट्याला आणि एक सर्वांत लांबून आलेल्याला. ते तिसरं बक्षीस दरवर्षी लोरेटाचं. सौदीहून येणाऱ्याला हरवणार कोण? "मला आता ते जिंकायचा कंटाळा आलाय," एकदा ती म्हणाली, आणि मासा उलटायला लागली.

मग सौदीकरणाची वर्षं आली. मोबाईलच्या दुकानांत यापुढे फक्त सौदी, असा हुकूम निघाला. बाजारातली आमच्या लोकांची दुकानं एकामागून एक उघडायची बंद झाली. पाठोपाठ कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे फी बसली, दर महिन्याची. घराघरात एकच बोलणं सुरू झालं. बायकापोरं गावी पाठवायची, आपण बॅचलर खोलीत राहायचं, जमेल तितके दिवस काढायचे. इरफानचा कफील भला माणूस होता. त्याने रास अल खैरला एका ठेकेदाराच्या गोदामात यांची सोय लावली, पण तिथे राहायची सोय फक्त पुरुषांची. इरफान मला म्हणाले, "दोनच वर्षं. मग बघू."   हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं. सनाला आम्ही सांगितलं, आपण गावी जातोय. अब्बू येणार नाहीत हे सांगायचं दोघांनीही उद्यावर टाकलं.

लोरेटाचा करारही पुढे वाढवला नाही. तिच्या जागी तिचीच एक विद्यार्थिनी आली, हफ्रचीच मुलगी. मी तावातावाने काही बोलायला गेले तर लोरेटाने मला अडवलं. तिच्या गावच्या बँकेत, दुकानात, तिच्या माणसांना कुणी उभं करत नसे. आपल्या गावातल्या काउंटरमागे आपला माणूस दिसावा असं वाटणाऱ्यावर ती कशी रागावणार, म्हणाली. आणि त्या मुलीचं इंग्रजी किती छान आहे ते सांगत बसली. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. राग नव्हता, पण दुःख होतंच.

निघण्याआधी एकदा सगळ्यांनी जमावं असं ठरलं. कल्पना माझी, लोरेटाच्या गावावरून उचललेली. शहराबाहेर इस्तिराहा घेतला. इस्तिराहा म्हणजे चार भिंतींच्या आतलं मोकळं अंगण आणि एक हॉल, दिवसभरासाठी भाड्याने मिळतो. टी-शर्टवरून पुरुषांमध्ये भांडणं झाली. पाठीवर आडनाव कुणाचं? लोरेटाच्या घराण्याचं आडनाव एक, आमची दहाबारा, आणि कुणीच मागे हटेना. शेवटी कुणाचंच नाही, नुसतं हिरवं कापड. आम्हा बायकांचे टी-शर्ट अबायाखाली झाकलेले. पडद्यामागे एकमेकींना दाखवून आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवशी सांदणं झाली, मटण झालं, लोरेटाने पीचचं काहीतरी गोड केलं, आणि थंडीतलं ऊन छान पडलं होतं.

दुपारी कासीमचाचा हजेरी घ्यायला उभे राहिले. हफ्रमधले आमचे सगळ्यांत जुने, बकाल्यात, म्हणजे किराणाच्या दुकानात, केस पिकवलेले. हॉलच्या मधोमध पडदा, पलीकडे पुरुष आणि लहान पोरं, अलीकडे आम्ही. मी आणि लोरेटा पडद्याच्या फटीजवळ. चाचांनी एकेक घर पुकारलं. पोरांना विचारलं, "कुणाचा तू? गाव कोणतं?" पोरांनी बापाचं नाव सांगितलं, गावाच्या नावाशी अडखळली. सना ताठ उभी राहून म्हणाली, "हफ्र अल बातिन." हॉलभर हशा झाला.

इथपर्यंत ठीक होतं. मग चाचांनी आपल्या मनाने एक भर घातली. त्यांचा हेतू चांगलाच होता. "आता खुरूजवर जाणारे उभे राहा," ते म्हणाले, "सगळे मिळून त्यांच्यासाठी दुआ करू." खुरूज म्हणजे पासपोर्टवरचा कायमचं परत जायचा शिक्का. आमच्याकडे पडद्यामागे जवळजवळ सगळ्या बायका उठल्या. मीही उठले. फटीतून पाहिलं तर पलीकडे पोरं तेवढी उभी होती. एकही पुरुष उभा नव्हता.

चाचांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचे दुआसाठी उचललेले हात तसेच राहिले. आपण काय मागितलं हे त्यांना तेव्हा कळलं असावं.  तेवढ्यात सनाचा आवाज आला. ती इरफानचा हात ओढत होती. "अब्बू, उठो ना. हम जा रहे हैं ना?" इरफान अर्धे उठले. इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. सना हात ओढतच राहिली.

लोरेटाला भाषा कळली नव्हती. तिने विचारलं, बायकाच का उभ्या आहेत? मी सांगितलं.  ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "माझी आई अशीच उभी राहिली. जमीन राहिली. बापही परत आला, पण तो इतका आजारी होऊन आला की मला तो मिळाला तो हाताला धरून चालवण्यापुरता." मला रडू फुटलं. चाचांनी घाईघाईने दुआ उरकली.

परतताना पेट्रोल पंपावर चहासाठी थांबलो. सना मागच्या सीटवर झोपली होती. मी म्हटलं, "आपण तिघं जाऊ. नाहीतर तिघं राहू. माझी अट तुम्ही विसरला नसाल."

"राहायची सोय नाही, तुला माहितीये."

"मग तिघं जाऊ."

"अगं, दोनच वर्षं म्हणतोय मी."

"अब्बाही दोनच वर्षं म्हणायचे. मी शाळेत गेले, शाळा संपली, तरी त्यांची दोनच वर्षं चालू होती."

ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. म्हणाले, "गावात मी करू काय? लोक म्हणतील भरल्या वयात हात हलवत परत आला."

"इथं करता तेच करा. मोबाईल काय फक्त सौदीतच बिघडतात?"

हसले नाहीत. हो म्हणाले नाहीत. चार दिवस घरात आम्ही कामापुरतं बोलत होतो. पाचव्या दिवशी कफीलकडे जाऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "त्याने विचारलं, खलास? मी म्हटलं, खलास." मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.  भीतीही वाटत होती आणि आनंदही.

त्या निर्णयाने आमचं सगळं सोन्याचं झालं असं लिहिलं तर तुम्हीच मला हसाल. म्हसळ्याच्या बाजारातलं इरफानचं दुकान एवढंसं, त्यात दुपारी लाईट जाते. सना पहिलं वर्षभर हफ्रसाठी रडली. आजही रागावली की हिंदीत बोलते, आणि कुणी गाव विचारलं तर क्षणभर थांबते. मलाही हफ्र आठवतं. कडक चाय, गच्चीवरचं धुळकट आभाळ, पडद्यामागच्या मैत्रिणी. त्यांतल्या बऱ्याचजणी इथेच आजूबाजूच्या गावांत आहेत, नवरे अजून तिकडे. त्या चुकल्या असं मी म्हणणार नाही. प्रत्येकीच्या घरचं गणित वेगळं होतं, आणि माझी जिद्द परवडण्याइतकी माझी परिस्थिती बरी होती, हेही खरं.

लोरेटा आमच्याआधीच निघून गेली. आता तिच्या आईच्या घरात राहते आणि जुलैमध्ये येणाऱ्या सगळ्यांसाठी अंथरुणं काढते. लांबून येण्याचं बक्षीस तिच्या पुतण्याला मिळतं, तो जपानला असतो. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, असं फोनवर सांगत होती. अब्बा आता नाहीत. शेवटची काही वर्षं ते माझ्याकडे येऊन पडवीत बसायचे. आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलायचं हे कधी नीट जमलं नाही, पण ते यायचे.

परवा एक गंमत झाली. सना आता चौदा वर्षांची आहे. शाळेची सहल होती, इरफाननी नाही म्हटलं, आणि तिने बापाशी अबोला धरला. जेवताना ताट घेऊन ओटीवर जाऊन बसते. ते घरात आले की दप्तर उचलून आतल्या खोलीत. हाक मारली तर ऐकू येत नाही. इरफान कासावीस. दुकानातून येताना तिच्या आवडीचं काहीबाही आणतात, ते तसंच पडून राहतं. मी मात्र मनातल्या मनात खूश आहे, आणि का ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. अब्बा रजेवर यायचे तेव्हा मी एकदाही रुसले नाही. आम्ही कुणीच नाही. मोजके दिवस, ते रुसण्यात घालवायला कुणाचं मन होणार? त्यांनी काहीही म्हटलं तरी आम्ही शहाण्या पाहुण्यांसारखे हो म्हणायचो.

काल संध्याकाळी इरफान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आतल्या खोलीचं दार पुन्हा धाडकन लागलं होतं. मला विचारलं, "किती दिवस चालणार हिचं हे?"

मी भाकरी उलटली आणि म्हटलं, "चालू दे की. तुम्हाला कुठं जायचंय?"